बत्तीस असार

गोमा दिदीची नोकरी गेली ती असारच्या, म्हणजे नेपाळी आषाढाच्या, शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आणि अगदी रीतसर. ज्याच्या चुकीपायी ती गेली तो माणूस त्याच खोलीत बसला होता. चूक आपली आहे हे त्याला त्याच दिवशी, तिचं शेवटचं पत्र छापताना कळलं, आणि तरी तो बोलला नाही. त्याचं नाव खिमानंद ढकाल. माणूस वाईट नव्हता. पण नुसतं वाईट नसून भागत नाही असे दिवस येतात, आणि तो दिवस तसा होता.

खिम मूळचा झापाचा, पूर्वेकडच्या सपाटीवरचा. काठमांडूत कॉलेज करून तो इकडे पश्चिमेच्या डोंगरात, सिमलडांडा नगरपालिकेत करारावर आला त्याला चार वर्षं झाली होती. लोक त्याला आइटी सर म्हणत. आइटी सरचं काम काय, तर सगळंच. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा खिमला. मेयरच्या मुलीचा मोबाइल पाण्यात पडला, बोलवा खिमला. एकदा तर त्याला पाण्याची मोटर बघायला नेलं होतं, कारण तिलाही वायर होती. या असल्या कामांत आपण शिकलेलं काहीतरी एकदा करून दाखवावं अशी भूक त्याच्या मनात होती. ती संधी फागुनात आली.

वरून पत्र आलं, की जन्म, मृत्यू, लग्न यांच्या दाखल्यांवर महिना आकड्यात लिहू नये, अक्षरात लिहावा आणि दाखला छापील द्यावा. तोवर हे दाखले गोमा खत्री हाताने लिहायची. पालिका नव्हती, नुसती गावची समिती होती तेव्हापासून, चोवीस वर्षं ती नोंदणीच्या टेबलावर होती. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. निम्म्या खोऱ्याच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ; लोक पोराचं लग्न ठरवताना पत्रिका सापडली नाही तर तिच्याकडे यायचे. तीही करारावरच होती. दरवर्षी असार संपता संपता पुढच्या वर्षाच्या करारावर सही व्हायची, आणि ती होणार नाही असं तिच्या किंवा कोणाच्याच मनात कधी आलं नव्हतं.

खिमने दोन दुपारी खर्चून कॉम्प्युटरवर फॉर्म बनवला. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने. त्यांत आकडे टाकायचे, बटण दाबायचं, की फॉर्ममागची जावास्क्रिप्ट महिन्याचं नाव काढून दाखल्यात बसवणार. वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणून दोन टाकले की जेठ, तीन टाकले की असार.

खरं तर हे काम साध्या यादीवर भागलं असतं. बारा नावं एकाखाली एक लिहायची आणि आकडा बघून त्यातलं नाव उचलायचं, बस्स. खिमला ते शाळकरी वाटलं. जावास्क्रिप्टमध्ये तारखेची एक तयार व्यवस्था असते. तिच्या हाती वर्ष, महिना, दिवस द्यावा, ती तारीख नीट लावून घेते, आणि मग तिलाच विचारावं, बाई, महिना कितवा? त्याने तसंच केलं. ही व्यवस्था महिने शून्यापासून मोजते आणि नवशिके तिथेच आपटतात. सगळे महिने एक घर पुढे सरकतात. खिमला हे माहीत होतं. त्याने वैशाख बरोबर शून्यावर बसवला आणि स्वतःवर खूश झाला. ज्या खड्ड्यावर पाटी लावलेली असते तो कोणीही चुकवतो. दुसरा खड्डा त्याला दिसला नाही.

त्याने स्वतःची जन्मतारीख टाकून पाहिली, आईची टाकली, हाकिमसाहेबांची टाकली. तिन्ही बरोबर आल्या. कॉम्प्युटर जुना, जागा थोडी, म्हणून आकडे साठवून ठेवण्याचा व्याप त्याने केला नाही. दाखला छापला की रकाने कोरे. मग त्याने गोमा दिदीला बोलावलं.

"दिदी, आता हात दुखणार नाही तुझा."

"हात दुखत नव्हता रे भाइ. पण तू एवढं केलंयस तर वापरते." खुर्ची ओढून ती बसली आणि एका बोटाने एकेक कळ शोधू लागली. "हे बटण दाबायचं ना? फुटणार तर नाही काही?"

"फुटलं तर मी आहे."

हे तो म्हणाला होता. नंतर त्याला ते बऱ्याचदा आठवलं.

चैतात पहिल्यांदा गडबड झाली. दिदी उठून त्याच्या टेबलापाशी आली. तो फोनवर इंटरनेटवाल्याशी भांडत होता.

"खिम भाइ, जरा येतोस? मी दोन टाकते आणि कागदावर असार येतोय."

खिमने फोन कानावरून न काढता मान वळवली. "दिदी, दोन आणि तीन शेजारीशेजारी असतात. सावकाश दाब. आणि चष्म्याचा नंबर बघून घे एकदा."

खोलीतले सगळे हसले. दिदीही हसली, जागेवर गेली, आणि पुढच्या माणसाची तारीख टाकली. ती जेठची आठ होती, जेठच आला. म्हणजे मघाशी आपलंच बोट चुकलं असणार असं तिने धरलं. त्यानंतर ती कळ दाबण्याआधी आकडा तोंडाने म्हणू लागली. दोन. दोनच. तिच्या मागे रांगेत उभी राहणारी पोरं तिची नक्कल करत.

पण दिवसाला चाळीस दाखले, मध्ये वीज जाणार, रांगेतली माणसं गाडी चुकते म्हणून ओरडणार. अशात नाव तपासलं, बापाचं नाव तपासलं, महिना राहून गेला, असं व्हायचं. वैशाखात बलबहादुर घर्ती नावाचा माणूस दोन दिवसांची वाट तुडवून परत आला. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला दिलेला दाखला कॉलेजने परत केला होता. नागरिकत्वाच्या कागदावर जेठ आणि इथल्या दाखल्यावर असार. तो टेबलावर हात आपटून बोलला. मग जेठात एक बाई आली. तिचा नवरा मागच्या साउनच्या, म्हणजे चौथ्या महिन्याच्या, एकतिसाला गेला होता आणि मृत्यूच्या दाखल्यावर पुढचा महिना, भदौ छापलं होतं.

"दिदी," ती म्हणाली, "माझा माणूस आणखी एक महिना जगला होता का कुठे? मला सांगायचंस तरी."

ती चेष्टा करत नव्हती. गोमा दिदीने तो दाखला परत घेतला, जुनं रजिस्टर काढलं, त्यात स्वतःच्या अक्षरात चार आणि एकतीस लिहिलेलं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने नवा दाखला हाताने लिहून दिला. त्या संध्याकाळी तिने खिमला विचारलं, "भाइ, माणसाला काही होतंय हे माणसाला स्वतःला कळतं का रे?" खिम म्हणाला, "दिदी, तू फार विचार करतेस."

असारच्या दुसऱ्या आठवड्यात हाकिमसाहेबांनी बैठक बोलावली. शोभाकांत रेग्मी हे पालिकेचे मुख्य अधिकारी; माणूस मऊ बोलायचा आणि मऊ बोलता बोलताच कापायचा. समोर चार परत आलेले दाखले.

"गोमाजी, हे काय?"

"सर, मी दोनच टाकले होते." दिदीचा आवाज इतका बारीक कधी नसायचा.

"मग कागदावर असार कसा आला?"

"ते मला कळत नाही."

रेग्मींनी खिमकडे पाहिलं. "खिमजी, तुमच्या फॉर्मचा काही घोळ?"

त्या क्षणी खिमला एवढंच करायचं होतं, की त्या चार दाखल्यांपैकी एक हातात घ्यायचा आणि त्यावरची तारीख फॉर्ममध्ये टाकायची. दोन मिनिटांचं काम. पण आपल्या हातच्या कामावर कोणी बोट ठेवलं की माणसाला आधी राग येतो, अक्कल मागाहून येते. त्याने लॅपटॉप उघडला, सगळ्यांच्या देखत महिना दोन टाकला, आणि दिवसाच्या रकान्यात जो हाताला आला तो आकडा टाकला. दहा. बटण दाबलं. जेठ.

"बघा सर." मग महिना चार, दिवस पाच. साउन. "बघा. यंत्र चुकत नसतं. तुम्ही जे टाकाल तेच ते बाहेर देतं."

"बरोबर आहे," रेग्मी म्हणाले. "वय कोणाला चुकलंय, गोमाजी. चोवीस वर्षं लिहायची सवय हाताला. आता हे यंत्राचे दिवस आले. तुम्हालाही विश्रांती हवी."

विश्रांती म्हणजे काय हे खोलीत सगळ्यांना कळलं. दिदीने पदर खांद्यावर सारखा केला आणि "हवस्" म्हणाली. ठीक आहे. बाहेर आल्यावर खिम तिच्या मागे गेला.

"दिदी, मी काही मुद्दाम..."

"तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. त्यात तुझं काय?" ती म्हणाली, आणि वर त्याची समजूत घातली, की तू वाईट वाटून घेऊ नकोस.

नेपाळी महिने सूर्यावर चालतात, कधी एकोणतीस तर कधी बत्तीस दिवसांचे; त्या वर्षी असार बत्तीस दिवसांचा होता. असार संपला की सरकारी वर्ष संपतं, आणि शेवटच्या दिवशी कुठल्याही पालिकेत जी धांदल उडते ती इथेही उडाली होती. वर्षभर झोपलेल्या फायली त्या एका दिवशी धावत सुटतात. हाकिमसाहेबांच्या दाराशी सह्यांसाठी ओळ. त्यांच्या टेबलावर करारांचा गठ्ठा, त्यात खिमचाही. गोमा खत्रीचा नव्हता. तिच्यासाठी फक्त अनुभवाचं पत्र काढायचं होतं, की या बाईंनी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इमानाने सेवा केली. ते काम खिमकडे आलं.

दिदी समोर बसली होती. तिने नवं गुन्यूचोलो, लुगडं आणि चोळी, नेसलं होतं, दसैंला म्हणजे दसऱ्याच्या सणाला नेसायचं. खिमने तारखा टाकल्या. सुरुवात, साउनची एक. शेवट, आजचा दिवस. महिना तीन, दिवस बत्तीस. बटण दाबलं, कागद बाहेर आला, तो त्याने न बघताच तिच्या हाती दिला.

तिने शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "बत्तीस साउन?"

"काय?"

"साउनच्या बत्तिसापर्यंत सेवा केली म्हणे मी. आज असार आहे ना रे? की आणखी एक महिना दिलास मला?"

खिमने कागद ओढून घेतला. रकाने पुन्हा भरले. तीन. त्याने बोटाकडे बघून दाबलं, तीनच. बत्तीस. साउन. पुन्हा. साउन. तिसऱ्यांदा टाकताना तो आकडा तोंडाने म्हणाला, आणि आपण कोणासारखं करतोय हे त्याच्या लक्षात आलं.

मग त्याने तेच केलं जे बैठकीत करायला हवं होतं. जेठची तीस टाकली. असार. साउनची एकतीस टाकली. भदौ.

सगळं एका दमात उलगडलं. ती तारखेची व्यवस्था इंग्रजी कॅलेंडरची. तिला कुठले जेठ आणि कुठले असार. दुसरा महिना म्हटलं की ती फेब्रुवारी समजते, आणि फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. जेठची तीस दिली की तिला ती फेब्रुवारीची तीस वाटते. अशी तारीखच नाही, म्हणून ती बिनबोभाट पुढे सरकून मार्चात जाऊन बसते. तिसरा महिना, खिमच्या यादीत असार. चौथा महिना तिच्या लेखी एप्रिल, तीस दिवसांचा. साउनची एकतीस गेली भदौमध्ये. आणि बत्तीस दिवसांचा महिना तर तिने जन्मात पाहिलेला नाही. महिन्याच्या आरंभाला, मध्याला सगळं ठाकठीक. चुकायचं ते अखेरीला, तेही काहीच महिन्यांच्या. बैठकीत त्याने दाखवली होती ती जेठची दहा.

लहानपणापासून जेठ-असार बोटांवर मोजलेल्या माणसाने आपल्या तारखा परक्या यंत्राच्या हाती दिल्या आणि ते यंत्र कोणाच्या महिन्यांनी चालतं हे विचारलं नाही. याहून सोपी चूक नसेल. आणि खापर फुटलं होतं ते या समोर बसलेल्या बाईच्या डोक्यावर.

"होतंय का रे?" दिदीने विचारलं.

"होतंय. थांब जरा."

पंधरा मिनिटांत त्याने ती ऐटबाज व्यवस्था काढून टाकली आणि बारा नावांची शाळकरी यादी लिहिली. कागद पुन्हा छापला. बत्तीस असार. दिदीने पत्र वाचलं, त्याच्याकडे एकदा बघितलं, पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "येते भाइ."

ती गेली आणि खिम उठला. पडवी ओलांडली की हाकिमसाहेबांची खोली. पंचवीस पावलं. ओळीतल्यांनी आइटी सर म्हणून वाट दिली. आत रेग्मी सह्या करत होते आणि नेमका खिमचा करार त्यांच्या हाताखाली होता.

"हं, बोला खिमजी."

खिमला सगळी वाक्यं पाठ होती. सर, चूक फॉर्मची होती. चूक माझी होती. गोमा दिदीने दोनच टाकले होते. ती तोंडाशी आली आणि त्याला दिसलं, की पेन कागदापासून वीतभर वर आहे. झापाला आई होती, धाकट्या बहिणीचं कॉलेज होतं. आणि याहूनही, खोटं कशाला बोला, आठ माणसांसमोर आपण मूर्ख ठरू ही लाज होती.

"काही नाही सर. इंटरनेट सुरू झालंय, एवढंच सांगायला."

"छान," रेग्मी म्हणाले, आणि सही केली.

साउन लागला आणि दिदीच्या खुर्चीवर बिपना पुन नावाची मुलगी आली. वर्षाचं लेकरू घरी सासूकडे ठेवून, रोज तासभर उतरून यायची. हुशार, दहाही बोटांनी टाइप करायची. एकही दाखला परत आला नाही. महिन्याभराने बैठकीत रेग्मी म्हणाले, "बघा, माणूस बदलला आणि चुका थांबल्या. मी म्हणतच होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. खिमनेही डोलावली. त्याने गुपचूप केलेल्या दुरुस्तीनेच दिदीवर शेवटचा शिक्का मारला होता. चूक तशीच ठेवली असती तर बिपनाच्या हातूनही तेच झालं असतं आणि कोणीतरी विचारलं असतं. आता विचारायला काही उरलंच नाही.

भदौत त्याने एक अर्ज लिहिला, त्यात सगळं कबूल केलं, आणि तो खणात ठेवला. असोजात तो जुना झाला म्हणून तारीख बदलून नवा लिहिला. आज साहेब रागात आहेत, आज साहेब खुशीत आहेत मग कशाला. भित्र्या माणसाला कारणांचा कधी दुष्काळ पडत नाही. कात्तिकात तिहार आला, दिवाळीचा सण. घर लांब, बहिणी लांब, म्हणून मागची तीन वर्षं भाइटीकेच्या, म्हणजे भाऊबीजेच्या, दिवशी गोमा दिदीच त्याला टीका लावायची. सात रंगांचा टीका, मखमली फुलांची माळ, वर पोटाला तडस लागेपर्यंत तांदळाच्या गोड सेलरोटी. या वर्षी ये म्हणून निरोप आला नाही. पण निरोप तसाही कधीच येत नसे, भावाला काय निरोप धाडायचा. त्या दिवशी खिम खोलीला आतून कडी घालून बसला. उघड्या कपाळाने बाजारात जायची त्याला लाज वाटत होती.

शेवटी तो गेला पुढच्या महिन्यात, मंसिरात, एका शनिवारी, सुट्टी बघून. बस सोडून दीड तास चढण. दिदीचं घर डोंगराच्या सोंडेवर, खाली सुंताल्याची, म्हणजे संत्र्याची, बाग, झाडं फळांनी वाकलेली. ती अंगणात बांबूच्या नांगल्यावर मोहरीसारख्या रायाच्या भाजीची पानं वाळत घालत होती. त्याला बघून उठली नाही, पण तोंड वाकडंही केलं नाही.

"आलास? बस. भिनाजु खाली बागेत आहेत, येतील."

खिम बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. फेब्रुवारी, एप्रिल, बैठकीतली दहा तारीख, पंचवीस पावलं, इंटरनेट. मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. दिदी पानं उलटत राहिली.

"मला ठाऊक आहे, भाइ."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तू स्वतः तीन टाकलेस आणि साउन आला. मी समोरच होते ना. माझा चष्मा वाईट असेल, तुझे डोळे तर चांगले आहेत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी?" दिदीने पहिल्यांदा हात थांबवले. "चैतापासून मी एकच तर बोलत होते, दोन टाकले, दोनच टाकले. कोणी ऐकलं? माझ्या बोलण्याचं वजन तू आधीच उतरवून ठेवलं होतंस. ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं. त्या दिवशी चहाच्या दुकानात बसले होते मी पाच वाजेपर्यंत. नवं नेसून. लोक विचारत होते, दिदी, कोणाची वाट बघताय? मला वाटलं, आधी तुझी सही होऊ दे. पोटाचं आहे, घाबरला असेल. सही झाली की जाईल आत."

दिदीने पुन्हा पानं उलटायला घेतली.

"मग म्हटलं, साउनात येईल. साउन गेला. भदौत डोंगराचा पहिरो कोसळून वाट बंद होती, म्हटलं, वाट नाही म्हणून नसेल आला. असोजात दसैंला येईल म्हटलं, मोठ्यांकडे यावंच लागतं. कात्तिकात भाइटीकेला पिढं मांडलं, भोवती तेलाची धार धरली, बसले दुपार होईपर्यंत. भिनाजु म्हणाले, उचल आता, नाही यायचा तो." तिचा आवाज चढला नव्हता. "चोवीस वर्षं लोकांच्या तारखांमध्ये महिने लिहिले, पण इतके लांब महिने मी पाहिले नव्हते."

"दिदी, मी उद्याच साहेबांना लिहून देतो. माझा करार गेला तर जाऊ दे."

"आणि बिपना?"

"बिपनाचं काय?"

"तिला उठवून मला बसवणार? तिचं लेकरू अजून अंगावर पितंय. माझी पुतणी लागते ती लांबून, परवाच भेटली, खुशीत होती. तिने काय वाकडं केलंय कोणाचं?"

"मग तुझं नाव तरी... मी काय करू, सांग तू."

"मला नको विचारूस," दिदी म्हणाली. "तेही मीच सांगायचं का?"

तेवढ्यात टीकाराम भिनाजु पाठीवरचा वेताचा डोको भरून सुंताले घेऊन वर आले. दिदीचा नवरा, म्हणून खिमचे भिनाजु; थोराड, हसरा, कोणाशी वाकडं न बोलणारा माणूस. डोको उतरवून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"ओहो, आइटी सर! आमच्या डोंगरावर! बरं झालं आलात. तुम्हाला एकदा भेटून माफीच मागायची होती."

"माफी? कसली?"

"हिच्यापायी तुम्हाला किती ऐकून घ्यावं लागलं असेल. एवढा छान फॉर्म केलात, आणि हिचा हातच बसला नाही शेवटपर्यंत. मी घरी म्हणायचो, अगं, सर तरुण आहेत, त्यांच्याकडून नीट शिकून घे. पण वय झालं की नाही होत. गावात काही लोक बोलले, ते जाऊ द्या."

दिदी मान खाली घालून पानं सारखी करत होती. खिमला कळलं, की तिने घरी काहीच सांगितलेलं नाही. पाच महिने ती याच घरात चुकलेली बाई म्हणून राहिली होती आणि याच अंगणात वाट बघत होती.

"भिनाजु," तो म्हणाला, "चूक दिदीची नव्हती. माझी होती. तिने बरोबर टाकलं होतं. माझा फॉर्म चुकत होता."

"असं कसं, सर?"

"जेठ टाकला की यंत्राला तो फेब्रुवारी वाटायचा. फेब्रुवारीत तीस तारीख नसते, म्हणून..."

"फेब्रुवारी?" भिनाजु मोठ्याने हसले. "आमच्या जेठात फेब्रुवारी कुठून आला, सर?"

"खरंच सांगतोय. साहेबांना मी बोललो नाही, मी भ्यालो. चूक माझी होती."

भिनाजुंचं हसू मावळलं. क्षणभर खिमला वाटलं, पटलं. पण त्यांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने थोपटला.

"कळलं मला, सर. एवढं चढून आलात ते हिचं मन राखायला. कोण करतं हो असं आजच्या जगात? दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची म्हणजे काय खाऊ आहे?"

"नाही भिनाजु, मी तसं नाही..."

"असू दे, असू दे." त्यांनी डोकोतले मोठाले सुंताले निवडून त्याच्या ओंजळीत भरले, इतके की त्याला हात हलवता येईना. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पाहिलंस? असा भाऊ मिळायला भाग्य लागतं."

गोमा दिदीने वर पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली, आणि उरलेली पानं उन्हाकडे सरकवली.